आत जाईल त्याची चावी

परळीच्या कापसाच्या जिनातला वीजवाला बोलण्याआधी घसा खाकरायचा, मग टोपी सारखी करायचा. मी तिथं हिशेबाला होतो. हैदराबादेहून बी.ए. झालेला घरातला पहिला. उगाच कुणाचं कौतुक करत नाही. त्याचं करतो.

विजेचा मोठा खटका खाली ओढला तरच त्यातली चावी निघायची. त्याच चावीनं उघड्या तारांभोवतीच्या जाळीचं दार उघडायचं, आणि ती परत बसवल्याशिवाय खटका वर जायचा नाही. जाळीत जाईल त्याच्याच हाती तो चावी द्यायचा. त्या दिवशी आत साचलेली रुईची धूळ झाडायला झाडूवाली गेली, चावी पदराला बांधून.

बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या. मुनीम ओरडत आले, "कावून बंद हाय बे? चालू कर जल्दी!"

तो खाकरला. "चावी मावशीपाशी हाय. त्यांनाच मागा."

"नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ द्या. मावशी धडपणी घरी गेल्या पायजेत."

मुनीम जाळीपाशी गेले. "दे गं चावी."

"न्हाई," ती आतूनच म्हणाली. "अजून एक कोपरा ऱ्हायलाय."

सगळं जीन थांबलं होतं, आणि आत केरसुणी सावकाश चालली होती.