घोड्याच्या गोष्टीचं शेवटचं पान

मैत्रिणींनो,

आज घरात आलं ते असं: पाव किलो फुटाणे, अर्धा किलो गूळ आणि गोखिवरे नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडून घोड्यांच्या गोष्टींचं जुनं पुस्तक. सगळं मिळून एकशे सत्तावीस रुपये.

पुस्तक माझ्या मुक्तासाठी. सहा वर्षांची आहे, जिन्यावरून पडली, पाय प्लॅस्टरमध्ये. खाटेवर पडून पडून पोर कंटाळलीय आणि तिचं करून करून मी.

दुपारी शुक्रवारच्या प्रसादाच्या पुड्या बांधायला बसले. घरातला कागद वाया घालवायचा नाही ही माझी सवय. पुस्तकातून सुटलेली मागची पानं जाहिरातींची असतील असं समजून न बघताच वापरली आणि पुड्या देवळात वाटून आले.

संध्याकाळी मुक्ताला गोष्ट वाचून दाखवत होते. तांबडा घोडा टेकडीवरून घसरतो, पाय मोडतो, मालक रात्रभर त्याच्याजवळ बसतो. आणि पुढे पानच नाही!

"मग देवाने त्याला बरं केलं," मी म्हटलं.

"हे तू बनवलंस. पुस्तकात काय आहे?"

"ते पान प्रसादाबरोबर गेलं गं."

"म्हणजे देवाला माहितीये, आणि मला नाही!" एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. जेवलीसुद्धा नाही.

आपल्या ग्रुपवर कुणी ही गोष्ट वाचली असेल, तर तो घोडा पुन्हा चालला का, तेवढं लिहा. चालला नसेल तरी खरं तेच लिहा, तिला कसं सांगायचं ते मी बघेन. पूर्वी पत्रात लिहायचो तसंच लिहिते: उलट टपाली कळवा. मुक्ता अजून जागी आहे.