डॉक्टर माईंची तपासणी

वर्तकनगरच्या आमच्या डॉक्टर माई दुखणं विचारण्याआधी विचारायच्या, "बरोबर कोण आलंय? त्यालाही आत बोलव. अर्धा आजार घरच्यांच्या तोंडात असतो."

माझ्याबरोबर नवरा होता, सतीश, कपाळाला आठ्या घालून. माई त्याला लहानपणापासून ओळखायच्या. मला कोविड होऊन कित्येक महिने झालेले, तरी दोन पोळ्या लाटल्या की धाप लागायची. वर्गात शिकवताना साधे शब्द आठवायचे नाहीत. आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल! झालं, घरात मी कामचुकार ठरले. "हालचाल कर जरा," म्हणत सतीश रोज मला जिने चढायला लावायचा आणि दुसऱ्या दिवशी मी अंथरुणात. शाळेने बजावलेलं, सोमवारी आला नाहीत तर दुसऱ्या बाई घेऊ. सतीश म्हणाला, "सोमवारी शाळेत जा, नाहीतर आंबिवलीला, माहेरी." अशी तिडीक गेली डोक्यात! मी बॅग भरूनच ठेवलेली.

माईंनी मला झोपवून छाती तपासली, बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. मग सतीशला म्हणाल्या, "इकडे ये. हिची नाडी धर. सोडू नकोस." सतीश ठोके मोजत राहिला. मग माई म्हणाल्या, "आता उभी कर हिला."

मी नुसती उभी राहिले. छातीत धडधड सुरू झाली, कानात दडे बसले. सतीशची बोटं मनगटावर घट्ट होत गेली.

"माई, ही... नाडी पळतेय हो हिची!"

"जिना चढली का ती?"

"नाही."

"मग?"

माझा तोल गेला, तेव्हा सतीशनेच सावरलं.

"रिपोर्ट नॉर्मल म्हणजे बाई खोटी नव्हे रे!" माई कडाडल्या. "टाकीत पाणी नसताना मोटर चालवलीस तर जळेल ना? जिने बंद. दमायच्या आधी बसायचं, दमल्यावर नाही."

"मी बरी होईन ना?" मी विचारलं.

"बहुतेक होशील. कधी, ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असल्याचं सोंग मी करणार नाही. येत राहा, आपण बघत राहू."

मी तिथेच ढसाढसा रडले. त्या सोमवारी शाळेत गेले नाही. नोकरी गेली ती गेलीच. बॅग मात्र सतीशनेच रिकामी केली.

गेल्या महिन्यात माई गेल्या. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. शेवटचं दर्शन घ्यायला जिन्यात माणसांची रांग, न्यायची घाई चाललेली. पहिल्याच मजल्यावर सतीशने मला पायरीवर बसवलं आणि शेजारी टेकला. मागून कोणीतरी खेकसलं, "अहो, चला ना, उशीर होतोय!"

"होऊ दे," सतीश म्हणाला. "माई थांबतील."