चौथ्या पोर्टचा दिवा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मंडईत काटा शून्यावर आलेला पाहिल्याशिवाय मी पिशवी उघडत नाही, आणि रिक्षा अनोळखी रस्त्याला वळली की लगेच मोबाइलवर नकाशा काढते. घरचे याला खोड म्हणतात, ऑफिसात याला गुण म्हणतात. मी नेटवर्क स्विचचे ड्रायव्हर लिहिते. कारखान्यांत वायरी जोडायचा एक डबा असतो, त्याच्या आतल्या चिपशी बोलणारा हा प्रोग्रॅम. एका पोर्टवर, म्हणजे वायर खुपसायच्या खाचेत, आलेली माहिती दुसऱ्या पोर्टवर चिप स्वतःच पोचवते. कुठल्या पोर्टची लिंक, म्हणजे वायरीतली जोडणी, जिवंत आहे आणि कुठली पडली, एवढं तिला वेळेवर सांगणं माझ्या प्रोग्रॅमकडे असतं. ते सांगितलं नाही तर शेजारी राखीव वायर रिकामी असली तरी ती मेलेल्या वायरीतच माहिती ओतत बसते.

आमची लॅब चाचा सांभाळायचे. मोमिनपुऱ्यातले, साठीला टेकलेले, उमेदीची वर्षं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करण्यात घालवलेली. टेस्ट लावली की टेबलावर त्यांच्या अक्षरातली पाटी असायची: ‘टेस्ट चालू आहे. हात लावू नये. का, ते विचारूही नये.’ त्यांचं कंत्राट वर्षावर्षाने वाढायचं, आणि या वेळी ते श्रावणात संपत होतं. ‘या वयात दुसरीकडे कोण घेणार, मॅडम?’ असं ते चहा पिताना हसत म्हणायचे. पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

नेमकी त्याच महिन्यात नव्या डब्याची टेस्ट फसायला लागली. दिवसातून दोन-चारदा चौथ्या पोर्टवरची थोडी माहिती गायब व्हायची. मी माझी नोंदवही पाहिली, म्हणजे ड्रायव्हर स्वतः लिहितो ती. तिच्यात लिंक एकदाही पडलेली नव्हती.

चाचा म्हणाले, “पडली होती, मॅडम. दिवा विझला. मी इथंच बसलो होतो, डोळ्यांनी पाहिलं.”

पोर्टवरचा हिरवा दिवा चिप स्वतः लावते, माझा प्रोग्रॅम नाही. म्हणजे तो विझला तर लिंक खरंच पडलेली असणार, हे मला माहीत होतं. तरी मनात आलं ते हे, की या माणसाचा वायरीला धक्का लागतोय आणि तो कबूल करत नाही. लॅबमध्ये दिवसभर एकटाच माणूस, चष्म्याचा नंबर वाढलेला, वायरींची गर्दी. माझं गणित जुळलं. गणित जुळलं की मी फार खूश होते.

मॅनेजरने मला दोन ओळींची नोट मागितली होती: दोष डब्यात आहे की हाताळणीत? नोटेवर चाचांचं कंत्राट ठरणार होतं, हे त्याने आडून सांगितलं आणि मला सरळ कळलं.

मी लॅबमध्ये गेले. “चाचा, वायरीला हात लागला होता का?”

“नाही, मॅडम.”

“नक्की? नीट आठवून सांगा.”

ते हळूच म्हणाले, “आता आपण एवढं म्हणताय, तर लागलाही असेल.”

जागेवर येऊन मी लिहिलं: हाताळणीतला दोष, तंत्रज्ञाने मान्य केला. महिनाअखेरीला चाचा आपला जेवणाचा डबा आणि पाटी घेऊन गेले.

अनंत चतुर्दशीला ऑफिस बंद होतं. आदल्या संध्याकाळी मी टेस्ट लावली आणि लॅबला स्वतः कुलूप घातलं. सुट्टीनंतर येऊन बघते तर चौथ्या पोर्टवरची माहिती पाचदा गायब. मी आधी वॉचमनवर संशय घेतला. त्याची वही तपासली, कॅमेरा पाहिला. कुणी आलं नव्हतं. संशय घ्यायला माणूसच उरला नाही, तेव्हा नाइलाजाने मी माझा कोड उघडला.

चिपमध्ये लिंकची स्थिती सांगणारी एक जागा असते. लिंक क्षणभर जरी पडली, तरी कुणी वाचेपर्यंत ती जागा ‘पडली’ असंच धरून ठेवते. वाचलं की मग आताची स्थिती सांगायला लागते. पहिलं उत्तर शिळं असू शकतं, म्हणून आम्हा लोकांची जुनी सवय आहे: दोनदा वाचायचं, पहिलं टाकून द्यायचं, दुसरं खरं धरायचं. मीही तसंच लिहिलं होतं. माझा ड्रायव्हर सेकंदाला एकदा विचारायचा. मधल्या वेळात पडून सावरलेली प्रत्येक लिंक पहिल्या उत्तरात मला सांगितली जात होती, आणि मी ती फेकून देऊन पुन्हा विचारत होते. पुन्हा विचारल्यावर अर्थातच सगळं ठीक होतं.

पहिलं वाचन टाकून देणारी ओळ मी काढली. तासाभरात नोंदवहीत चौथा पोर्ट दोनदा पडलेला दिसला. त्या पोर्टच्या जॅकमधली एक पिन ढिली निघाली, दिवा विझत होता तो त्यामुळे. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की दुपारचा डबा तसाच घरी परत नेला.

त्याच्या पुढच्या आठवड्यात शनिवारी बुधवार पेठेत गेले. चाचा भाच्याच्या दुकानात स्टुलावर बसून कुणाचा तरी स्पीकर उघडत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. दोनदा वाचणं, पिन, ढिला जॅक, माझी चूक. माफी मागितली. त्यांनी स्क्रू एका झाकणात मोजून ठेवले आणि मग वर पाहिलं.

“दिवा विझला होता हे मला माहीतच होतं, मॅडम. आपण कोड कधी बदललात?”

“त्याच दिवशी. चूक सापडली त्या दुपारी.”

“आणि माझ्याबद्दल लिहिलेली ती नोट?”

नोट बदलायची तर खाली माझं नाव घालून, चूक माझी, असं लिहावं लागणार होतं. आठवडा उलटला होता. मी ती फाइल उघडलीही नव्हती.

“नाही बदलली,” मी म्हटलं.

चाचांनी मान डोलावली आणि स्पीकर पुन्हा मांडीवर घेतला.

“मग इथं माझ्याकडं काय काम? मी तर खरं काय ते पहिल्यांदाच सांगितलं होतं.”