स्वयंपाकघरातली बेकायदा खिडकी

कल्याणला आम्ही भाड्याने राहायचो त्या चाळीतल्या दोन खोल्या घरमालकाच्या होत्या, पण त्यांच्यावर राज्य वडिलांच्या कायद्याचं होतं. वडील मुंबईला एका वकिलाच्या कचेरीत कारकून होते. भाडेकरूंसाठी नवा कायदा नुकताच झाला होता आणि त्यातला एकच मुद्दा ते स्तोत्र म्हणावं तसा घोकत असत : मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने घरात कायमस्वरूपी बदल केला, तर मालक त्याला बाहेर काढू शकतो. फाळणीनंतर कल्याणात माणसं अशी लोटली होती की ही जागा गेली असती तर दुसरी मिळण्याची आशा नव्हती. वडिलांची भीती खोटी नव्हती, हे मला कबूल आहे. तिच्याबरोबर राहणं मात्र कठीण होतं.

आमच्या घरात खिळा ठोकायला बंदी होती. कपडे दोरीवर, दोरी दाराच्या कडीला. आरसा ट्रंकेवर भिंतीला टेकवून ठेवलेला, त्यामुळे वडील दाढी गुडघे टेकून करायचे. कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, माणूस पूजेला बसलाय. शेजाऱ्यांनी मागच्या पडवीत सिमेंटची मोरी बांधून घेतली, तेव्हा त्यांचं बिऱ्हाड आता रस्त्यावर येणार म्हणून वडील दोन दिवस हळहळत होते. शेजारी त्या मोरीत मजेत अंघोळ करत होते.

आईचं दुखणं वेगळं होतं. स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. सकाळी चूल, संध्याकाळी शेगडी, आणि धुराला बाहेर जायला वाट एकच, आमच्या बाहेरच्या खोलीतून. तोवर तो निम्मा आईच्या पोटात गेलेला असायचा. तिचे डोळे कायम लाल. रात्रभर खोकायची. "भिंतीला एक झरोका पाडू या," ती म्हणायची.

"भिंत मालकाची आहे," वडील म्हणायचे.

"आणि डोळे?"

डोळ्यांबद्दल कायद्यात काही लिहिलेलं नव्हतं.

एकदा मात्र वडिलांनी मालकाला विचारलं. मालक म्हणजे भला दांडगा माणूस. शहाडला उल्हास नदीच्या काठी त्याची वीटभट्टी होती आणि आमची चाळ त्याने स्वतःच्याच विटांनी बांधली होती. प्रत्येक विटेवर 'श्री' उमटवलेला असे, आणि त्या 'श्री'चा त्याला पोटच्या पोरापेक्षा जास्त अभिमान. तो म्हणाला, "लेखी कशाला भाऊसाहेब? आपण काय परके आहोत? पाडा की!" यात डाव आहे हे वडिलांनी ताबडतोब ओळखलं. बहुतेक होताही. झरोक्याचा विषय तिथेच मिटला, म्हणजे वडिलांपुरता मिटला.

पुढच्या पावसाळ्यात चुलीमागच्या भिंतीचा गिलावा ओल येऊन पडला. आतली एक वीट हलत होती. आईने ती सांडशीने ओढली, तर सुकलेल्या चिखलातून सुटावी तशी अलगद हातात आली. सुकलेल्या चिखलातूनच सुटली होती ती. गिलाव्याच्या आत चुना नव्हताच. मग आई कधी एक, कधी दोन अशा विटा काढत गेली. वरच्या विटा ढासळू नयेत म्हणून तिने मोडक्या पाटाची फळी आडवी बसवली. ही अक्कल तिला कोणी शिकवली नव्हती. मागे गटाराची बोळ होती, तिकडे कोणी फिरकत नसे. एके दिवशी माझी मान बाहेर जाईल एवढं भोक झालं आणि चुलीचा धूर मुकाट्याने तिकडून निघून गेला.

भोकावर तिने कापडदुकानातून मिळालेलं लक्ष्मीचं मोठं कॅलेंडर लावलं. वडील घरात नसले की लक्ष्मी वर गुंडाळायची, ते जेवायला आत आले की खाली सोडायची.

"खिळा मारलास?" वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही, फटीत अडकवलंय," आई म्हणाली. यातला शब्दन् शब्द खरा होता.

काढलेल्या विटांचं काय करायचं, हा प्रश्न नव्हताच. त्या ट्रंकेखाली गेल्या, पाण्याच्या पिंपाखाली गेल्या. दोन बाजूंना विटांची चळत रचून वर फळ्या टाकल्या, तर भांड्यांची मांडणी झाली. वडील खूश! "याला म्हणतात भाडेकरूचं घर," ते पाहुण्यांना दाखवायचे. "एक खिळा नाही. उद्या जा म्हटलं तर संध्याकाळपर्यंत सगळं उचललं जाईल." धूर कमी झाला त्याचं श्रेय त्यांनी आपण बदललेल्या कोळशाच्या वखारीला दिलं. आईने तेही त्यांच्याकडेच राहू दिलं. मी आईच्या बाजूची होते, त्यामुळे पानावर बसले की मला हसू दाबायला फार त्रास पडायचा.

शेवटी शेजाऱ्यांची मोरी मालकाच्या कानावर गेली. एका रविवारी तो स्वतः आला आणि खोली खोली बघत निघाला. ज्याच्याकडे काही सापडेल त्याच्यावर दावा लावतो, असं ओरडूनच सांगत होता. आईने धावत जाऊन लक्ष्मी खाली सोडली. वडील मात्र दारात उभे होते, जावई यायचा असावा तसे. "या शेठ, या! आमच्याकडे अवश्य बघा," म्हणत त्यांनी त्याला सरळ स्वयंपाकघरात नेलं. "ही मांडणी पाहा. भिंतीला हात नाही लावला. नुसत्या विटांवर उभी आहे."

शेठ वाकला. त्याने फळी जरा उचलून वरची वीट काढली आणि उलटी केली. 'श्री'.

"ही वीट कुठली, भाऊसाहेब?"

वडिलांनी विटेकडे पाहिलं, मग आईकडे. तिने लक्ष्मी वर गुंडाळली. खोलीत लख्ख उजेड पडला. घर गेलं, एवढंच माझ्या मनात आलं आणि मी रडायला लागले.

"मी पाडली," वडील म्हणाले. "घरातल्यांचा काही संबंध नाही."

जन्मात खोटं न बोललेला माणूस. आवाज इतका कापत होता की मालकाला हसू आलं. "तुम्ही? तुम्हाला खिळा तरी ठोकता येतो का?"

"मी काढली, सांडशीने," आई म्हणाली.

"सांडशीने?" मालकाने खिडकीच्या कडेला बोट लावलं. माती भुरभुरून खाली पडली. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा पडली. दारात शेजारी जमले होते, माना उंच करून बघत होते. कोर्टात उभं राहून भट्टीवाल्या शेठला काय सांगावं लागलं असतं, ते त्यालाच दिसलं असणार : माझ्या चाळीची भिंत एका बाईने स्वयंपाक करता करता काढली. त्याने हात झटकले, वीट जागेवर ठेवली.

"चौकट बसवून घ्या वहिनी," तो म्हणाला, "पाऊस आत येईल."

आणि अशा वेळी वडिलांनी काय विचारावं? "शेठ, हे लेखी देता का?" मालक चपला घालून निघून गेला. मोरीचं नावही त्याने परत काढलं नाही.

संध्याकाळी आई शेगडी पेटवायला बसली तेव्हा वडील आत आले. एक गोणपाट त्यांनी खिडकीत गच्च कोंबलं आणि पाट टाकून तिच्याजवळ बसले.

"हे काय आता?" आई म्हणाली.

"तू पेटव."

तिने पेटवली. धूर भरायला लागला. वडील आधी नुसते डोळे मिचकावत होते, मग धोतराच्या सोग्याने पुसायला लागले, मग खोकल्याची उबळ आली ती थांबेना. उठून धडपडत बाहेरच्या खोलीत आले आणि भिंतीला धरून उभे राहिले. मी पाणी दिलं. ते त्यांच्याने पिववेना. एवढ्यात आतून, धुरातून, पोळपाटाचा आवाज यायला लागला. आईने गोणपाटही काढलं नव्हतं. पोळ्या व्हायच्या होत्या.