अण्णांनी घेतलेली गिझरची परीक्षा

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत लोखंडावर गंज चढतो, तसे ते घरावर आपोआप चढत जातात. आमच्याकडे सगळ्यात जास्त चढले ते न्हाणीघरावर! अजूनही गणपतीला सगळे जमले, की एखादा नवा पाहुणा आत जाऊन ओरडतो, "गरम पाणी येतंय ना हो?" आणि पडवीत बसलेले आम्ही सगळे एकदम हसत सुटतो. बिचाऱ्याला वाटतं, आपला टॉवेल बाहेर राहिला की काय!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच लग्न होऊन चिपळूणहून इथे आले होते. सासरे अण्णा, निवृत्त गणिताचे मास्तर. शाळा सुटली तरी मार्क द्यायची सवय सुटली नव्हती. आमटीला मार्क, केरवाऱ्याला मार्क, शेजाऱ्याच्या शिंकेलासुद्धा मार्क! माझ्या पहिल्या चहाला त्यांनी दहापैकी साडेपाच दिले आणि म्हणाले, "प्रगतीला वाव आहे."

सासूबाईंना, म्हणजे माईंना मात्र कधी मार्क मिळालेले मी ऐकले नाहीत. त्या परीक्षेलाच बसल्या नव्हत्या म्हणा ना!

अंघोळीचा क्रम ठरलेला. आधी अण्णा, मग माझे यजमान, मग कोणी पाहुणे असतील ते, मग मी. माईंचा नंबर शेवटचा. तोवर अण्णा पडवीतून ओरडायचे, "आता बंद करा तो गॅस, पुरे झालं!" मग बादलीत जे काय कोमट उरलं असेल त्यात माई दोन तांबे अंगावर घेऊन बाहेर. मी एकदा म्हटलं, "माई, उद्या तुम्ही आधी जा." तर म्हणाल्या, "नको गो. मला कुठे कचेरीत जायचंय?"

* * *

आमचा जुना गिझर मुंबईच्या चुलत सासऱ्यांनी दिलेला. त्यांनी नवा घेतला, म्हणून जुना आमच्याकडे! तो पेटवणं हा एक सोहळा होता. खराट्याच्या लांब हिराच्या टोकाला काडी बांधायची, ती पेटवून आत सरकवायची, तोंड दुसरीकडे फिरवायचं आणि ओरडायचं, "सोडा!" मग दुसऱ्याने पाणी सोडायचं. की आतून भप्प!

एकदा अण्णांनी "सोडा" म्हटलं आणि तोंड फिरवायचं राहून गेलं. भप्प झाल्यावर बाहेर आले ते अर्ध्या मिशीनिशी. उरलेली अर्धी त्यांनी स्वतःच काढून टाकली आणि आठवडाभर विचारेल त्याला सांगत होते, "उकडतंय हो फार." थंडीचे दिवस होते!

* * *

त्या गिझरचा शेवट मात्र भप्प करून झाला नाही. हंगामात आम्ही सगळे पावस गावातल्या बागेत आंबा काढायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर बर्नरच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं छान घर बांधलेलं. दोन मिनिटांत खरवडून काढता आलं असतं. पण शेजारचे तात्या येऊन वाकून बघून गेले आणि म्हणाले, "हात लावू नका! कुंभारणीनं घर केलं म्हणजे घरात पाळणा हलणार."

आता पाळणा हलणार हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. माझी नणंद शुभा पहिल्या बाळंतपणाला मुंबईहून यायची होती, पोट दिसायला लागलं होतं. पण अण्णा पडले गणिती! ते गरजले, "असल्या गोष्टी मी मानत नाही!"

मग हिराची काडी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले आणि काडी परत खराट्यात खोचून ठेवली. "मानत नाही," म्हणाले, "पण उगाच कशाला?"

असा तो गिझर चालू स्थितीत निकालात निघाला. तसा बर्नर गंजलेलाच होता. शुभा यायच्या आत नवा घ्यायचा असं ठरलं.

आणि ते लवकर व्हायला हवं होतं ते माईंसाठी. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, धुरापाशी जायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. म्हणजे झावळ्या आणि नारळाची सोडणं घालून बंब पेटवायची सोय नाही. आणि माईंनी तर आधीच जाहीर केलं होतं, "नातवंडाला माझ्या पायांवर मीच न्हाऊ घालणार. बाई-बिई लावायची नाही." शुभाला त्यांनी तसंच न्हाऊ घातलं होतं. आयुष्यात त्यांनी मागितलेली मी ऐकलेली ही पहिलीच गोष्ट.

* * *

गिझर कोणता घ्यावा यावर पडवीत रोज सभा भरायची. सभेत माणसं दोन, अण्णा आणि तात्या. माझे यजमान कचेरीत मत देऊन थकत, घरी देत नसत.

तात्या बोटीवरून निवृत्त झालेले. जगातल्या सगळ्या बंदरांत अंघोळ केलेला माणूस! पण गिझरच्या ते विरुद्ध. का, तर आमचा तांब्याचा बंब "सांभाळायला" म्हणून त्यांनी नेला होता आणि त्याच्यावर त्यांचा फार जीव. ते अण्णांना समजावायचे, "मास्तर, बंबाचं पाणी शिजतं. तुमच्या गिझरचं नुसतं तापतं!"

ह्यावर अण्णांनी कागदावर आकडे मांडून पाहिले. गणितात ते बसत नव्हतं.

मी मध्ये बोलायला गेले, "पाणी ते पाणी, त्यात शिजायचं काय?" तर तात्या म्हणाले, "तू चिपळूणची गो! तुमच्याकडे दर पावसाळ्यात नदीचं पाणी घरपोच येतं, तुम्हांला त्याची काय किंमत!"

* * *

शेवटी अण्णा राम आळीत गुरुदासच्या दुकानात गेले. मलाही बरोबर नेलं, पिशवी धरायला. पिशवीत काय होतं ते मला दुकानात गेल्यावर कळलं. पंचा, साबण आणि तांब्या!

गुरुदास अण्णांचा जुना विद्यार्थी. सर दिसल्यावर चटकन उभा राहिला, हातातला चहासुद्धा लपवला. त्याने चारपाच गिझर काढून दाखवले, ह्याचं तांबं जाड, त्याचा बर्नर मोठा, सगळं सांगितलं. अण्णांनी पिशवी काउंटरवर ठेवली. "अंघोळ कुठे करायची?"

"सर?"

"अरे, आंब्याची पेटी घेताना एक कापून खाऊन बघतोस की नाही? मग अंघोळ केल्याशिवाय गिझर कसा घ्यायचा?"

गुरुदास माझ्याकडे बघायला लागला. मी तांब्याकडे बघायला लागले. दुसरा कोणी दुकानदार असता तर त्याने आम्हांला दुकानातून घालवून दिलं असतं. पण गुरुदासला अण्णांनी गणितात दोनदा नापास केलं होतं, ती भीती अजून अंगात होती. तो म्हणाला, "सर, मी एकेक घरी आणून लावतो. पास कराल तो ठेवा."

अण्णांनी पिशवी उचलली. "हे शाळेत असताना डोक्यात आलं असतं तर सुटला असतास!"

* * *

घरी येऊन अण्णांनी परीक्षेचे नियम सांगितले. परीक्षक सगळ्यांच्या आधी आत जाणार. परीक्षकाला लागेल तेवढं पाणी आणि लागेल तेवढा वेळ. मध्ये कोणी हाक मारायची नाही, परीक्षा चालू असते. नियम करताना परीक्षक कोण, हा प्रश्न अर्थातच नव्हता.

गुरुदास पहिला गिझर घेऊन आला. आधी त्याने विचारलं, "न्हाणीला हवा यायला खिडकी आहे ना?" तात्या म्हणाले, "मेल्या, भिंत आणि कौलं यांच्यामधून मांजर येतं-जातं. खिडकी कसली मागतोस!"

गिझर लागला, पण पेटेना. टाकी फार खाली, नव्या गिझरला लागेल तेवढा पाण्याला जोर नाही. गुरुदास म्हणाला, "सर, टाकी वर घ्यायला हवी." अण्णा म्हणाले, "टाकी आहे तिथेच राहील. गिझर खाली घे!"

सरांची आज्ञा! गुरुदासने घेतला खाली. इतका खाली, की पेटला तर खरा, पण नळाखाली बादली जाईना. मग तांब्या, तोही आडवा धरून भरायचा. अण्णा तासाभराने बाहेर आले ते कमरेत वाकलेलेच. सरळ न होताच त्यांनी निकाल दिला, "नापास!"

त्यानंतर जांभ्याचे चिरे आणून टाकीखाली चौथरा बांधला. पण त्या गिझरची फेरपरीक्षा घेतली नाही. अण्णांच्या शाळेत ती पद्धतच नव्हती.

* * *

दुसऱ्या गिझरला तात्या म्हणाले, बाहेरचा परीक्षक हवा, आणि स्वतःच पंचा घेऊन हजर झाले. पाणी शिजतं की तापतं, हे आज ठरवतोच म्हणाले. आत गेले ते गेलेच. आतून गाणी ऐकू यायला लागली. अण्णा पडवीत येरझारा घालत होते, पण नियम त्यांचेच, हाक मारता येईना.

आणि मग गॅस संपला. सिलिंडरच रिकामा केला बाबानं! आतून किंकाळी, "अहो थंड! डोळ्यांत साबण गेलाय! माई, बंब पेटवा! बंब!"

माईंनी दाराशी जाऊन शांतपणे सांगितलं, "तात्या, बंब तुमच्या घरी आहे हो."

त्या काळी सिलिंडर म्हणजे नंबर लावून वाट बघायची वस्तू. स्वयंपाकघरातला न्हाणीत गेला आणि मी रॉकेलच्या स्टोला पंप मारत बसले. तात्यांनी त्या गिझरला नव्वद मार्क दिले, म्हणून अण्णांनी नापास केला. दोघांचं बोलणं बंद झालं. पडवीत समोरासमोर बसायचे आणि माझ्यामार्फत भांडायचे. "ह्यांना सांग, परीक्षक पक्षपाती होता." "त्यांना सांग, मिशी आली का बघ परत."

* * *

ह्या सगळ्यात शुभा आली, दवाखान्यात गेली आणि तिला मुलगी झाली! छान, काळ्याभोर जावळाची. उद्या घरी आणायचं ठरलं आणि आमच्या न्हाणीच्या भिंतीवर फक्त खिळे! काढून ठेवलेल्या जुन्या गिझरवरचं मातीचं घर कधीच फुटून रिकामं झालं होतं. कुंभारणीची पिल्लं बापडी वेळेवर निघून गेली, अण्णांचा निकाल लागायचा होता.

संध्याकाळी पडवीत तिसऱ्या गिझरवर चर्चा सुरू झाली. तेव्हा माई आतून आल्या. हात पदराला पुशीत उभ्या राहिल्या.

"अहो, मला तुमचे मार्क नकोत," त्या म्हणाल्या. "मला उद्या सकाळी कढत पाणी हवंय. माझं नातवंड येतंय. ते पाणी मिळणार नसेल तर मी तात्यांकडचा बंब आणून पेटवणार आहे. डोळे गेले तर गेले!"

तात्या उठून चपला शोधायला लागले. मला तर रडूच आलं. इतके दिवस आम्ही हसत होतो आणि ही बाई एका बादलीसाठी दिवस मोजत होती!

अण्णा उठून माईंसमोर आले. मग म्हणाले, "उद्याचा परीक्षक तू."

"नियम तेच ना?" माईंनी विचारलं.

"नियम तेच."

* * *

सकाळी गुरुदास नवा गिझर घेऊन आला. लागला, पहिल्या काडीला पेटला, बादली नीट खाली गेली. शुभा बाळाला घेऊन आली. माई पाटावर बसल्या, पाय लांब केले, पायांवर बाळाला पालथं घेतलं आणि तेल चोळून सावकाश पाणी घालायला लागल्या. बाळानं आधी भोकाड पसरलं, मग जांभई दिली आणि त्या पायांवरच झोपलं. माईंच्या तोंडावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही.

बाळाला पुसून, गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिलं. अण्णा पंचा खांद्यावर टाकून न्हाणीकडे निघाले.

"थांबा," माई म्हणाल्या. आत गेल्या आणि कडी घातली.

आधी बादली भरल्याचा आवाज आला. मग अंगावर पाणी पडल्याचा. मग परत बादली भरल्याचा. कौलांच्या फटीतून वाफ यायला लागली. आम्ही सगळे बाहेर उभे. अण्णा पंचा घेऊन, तात्या उगाचच, आणि गुरुदास निकालाच्या दिवशी उभा राहायचा तसा. शिकेकाईचा वास आला. पाणी पडतच होतं. अण्णांना राहवेना, त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं.

"सर," गुरुदास हळूच म्हणाला, "परीक्षा चालू आहे."

ऊन अंगणात आलं तेव्हा कडी निघाली. माई बाहेर आल्या. केस मोकळे सोडलेले, तोंड लालबुंद, अंगातून वाफा निघताहेत. इतक्या उजळ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "हं? किती मार्क?"

माईंनी केसांतलं पाणी सावकाश पिळलं.

"नापास," त्या म्हणाल्या. "गुरुदास, उद्या दुसरा घेऊन ये हो. सकाळीच ये."