तेहेतीस अंशांवर ठेवलेला माणूस

आयसीयूत नर्स म्हणून माझी वीस वर्षं गेली. अंगातल्या तापाबद्दल मला कुणी शिकवायला आलेलं खपत नाही, मग तो एमडी का असेना. आमच्या नगरच्या हॉस्पिटलात अकोले तालुक्यातला एक शेतकरी आला, तेव्हाही माझा तोरा हाच होता.

गडी हिरड्याच्या झाडावरून पडलेला. मानेच्या मणक्याला मार, आतल्या मज्जारज्जूला सूज, हातापायांत हालचाल नाही. ऑपरेशन झालं आणि सूज वाढू नये म्हणून दोन दिवस अंग थंड ठेवायचं डॉक्टरांनी ठरवलं. हा उपचार सरसकट कुणी करत नाही. रुग्णाला झोपेचं औषध द्यायचं, थंड पाणी फिरणाऱ्या गादीवर निजवायचं आणि अंग सदतीस अंश सेल्सिअसवरून तेहेतीसपर्यंत उतरवायचं. बत्तीसच्या खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. काखेतलं थर्मामीटर इथे कुचकामी. लघवीच्या नळीतच एक बारीक तार असते, ती पोटातलं तापमान सांगते आणि त्या आकड्यावर गादी आपोआप चालते.

दुपारी त्याची बायको दहा मिनिटांसाठी आत आली. तिने त्याच्या कपाळाला हात लावला.

"बाई, लई गार पडल्यात हो ह्ये."

"गारच करतोय आपण त्यांना. तो आकडा बघा, तेहेतीस पॉइंट आठ. अजून उतरायचंय. आता गप्प बसा बरं."

ती बसली. पण नजर पलंगाखालच्या लघवीच्या पिशवीवर.

"मी आल्यापून पिशवीत थेंब न्हाई पडला. आमच्या भातखाचरात आसं झालं का पानी कुठंतरी तुंबलेलं आसतंय."

मला रागच आला. तरी चादर उचलली. नळी मांडीखाली दबली होती. पाऊण तासापूर्वी चौघांनी मिळून त्याची कूस बदलली, तेव्हा नळी बघायचं काम माझं होतं. लघवी वाहायची थांबली की त्या तारेचा आकडा मागे पडतो. अंग गार होत जातं आणि आकडा जागचा हलत नाही. गादी बिचारी त्याच्यावर विश्वास ठेवून गारवा सोडतच होती.

नाकावाटे अन्ननलिकेत दुसरी तार घातली. बत्तीस पॉइंट एक. गादीचा गारवा थांबवला, मशीन नव्या तारेला जोडलं, डॉक्टरांना फोन करून सांगितलं, "नळी माझ्याकडून दबली." तासाभरात आकडा तेहेतीसला टेकला. ठोके शेवटपर्यंत नीट राहिले.

बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. तिलाही सगळं खरं सांगितलं. तुम्ही बोलला नसता तर त्यांचं हृदय थांबलं असतं कदाचित, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "तुमी गप बसा म्हनला, तवा मी खरंच गप बसले आसते तर?"

मी आत गेले, पलंगाशेजारी स्टूल ठेवलं आणि तिला हाक मारली. दहा मिनिटांचा नियम त्या दिवशी मीच मोडला. डॉक्टर काहीतरी बोलायला लागले, त्यांना मात्र गप्प बसवलं.