मास्तरीणबाईंची झडती

हद्दीवरच्या नाक्यावर दोन रांगा असतात. एक बाप्यांची, एक बायकांची. प्रत्येक रांगेच्या टोकाला पडदा लावलेली एक खोली आणि खोलीच्या तोंडाशी एकेक सरकारी थोबाड. बसमधून उतरायचं, आपापल्या रांगेत लागायचं, कार्ड दाखवायचं, पडद्याआड जाऊन अंग चाचपून घ्यायचं, पिशवी उलटी करून दाखवायची आणि पलीकडे जाऊन पुन्हा त्याच बसमध्ये बसायचं. काम एवढंच. पण एवढं कामसुद्धा ज्यांना झेपणार नाही अशी माणसं कुणीतरी शोधून शोधून तिथे बसवली आहेत, असं माझं ठाम मत आहे.

मी शिंप्याच्या दुकानात काज-बटण करते. माझ्या पर्समध्ये बटणं असणारच. दर महिन्याला बायकांच्या रांगेतली ती चष्मेवाली माझी पर्स टेबलावर ओतणार आणि विचारणार, "एवढी बटणं कशाला?" अहो, भाजून खायला! माझ्या डब्यात ती नाक घालायची. एकदा एका बाईच्या तान्ह्या पोरीची दुधाची बाटली तिने हलवून, हुंगून, उजेडात धरून पाहिली. पोरगी भोकाड पसरून रडत होती आणि ही बाई दुधात काय शोधत होती देव जाणे.

आणि माझ्याबरोबर येणाऱ्या मास्तरीणबाईंना? सहा वर्षांत कुणी बोट लावलं नाही. पिशवीची चेनसुद्धा उघडली नाही.

मास्तरीणबाई आमच्या दुकानात कटर आहेत. कापड बेतायचं आणि कापायचं. गिऱ्हाईक दारातून आत येऊन टेकेपर्यंत त्यांनी नजरेनेच त्याचा खांदा, छाती, कंबर मोजलेली असते. टेप लावतात ती फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. आधी त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण तेव्हा त्या शर्ट-पँट घालायच्या आणि मिशी ठेवायच्या. मग एका सोमवारी त्या लांब झगा आणि ओढणी घालून, मिशी काढून दुकानात आल्या. कात्री खुंटीवरून काढली. मालक आ वासून म्हणाला, "मास्तर, हे काय?"

"मास्तरीण म्हणा," त्या म्हणाल्या. "आणि ते शाळेच्या युनिफॉर्मचं कापड आधी भिजवून घ्या म्हणून मी शनिवारी सांगितलं होतं. कोणी भिजवलं?"

कुणीच भिजवलं नव्हतं. मग जी काही हजेरी घेतली त्यांनी सगळ्यांची! आटणारं कापड तसंच कापलं असतं तर दीडशे पोरांच्या पँटी घोट्याच्या वर गेल्या असत्या. दुपारपर्यंत ते भांडण चाललं आणि त्यात मूळ विषय बुडाला तो बुडालाच. काही गिऱ्हाइकं तुटली. जाऊ देत, त्यांच्या मापांनी आम्हाला वात आणला होता. काही बायका नुसत्या बघायला म्हणून आल्या आणि ब्लाउजची फिटिंग बघून कायमच्या चिकटल्या.

राहिलं ते कार्ड. कार्डावर मिशीवाला फोटो आणि 'पुरुष'. ते बदलायला त्या ऑफिसात गेल्या, तर तिथला साहेब म्हणाला, आधी डॉक्टरचा कागद आणा. डॉक्टर म्हणाला, आधी कार्ड बदलून आणा, नाहीतर कागदावर नाव कोणतं घालू? दोघांच्याही खुर्च्यांना चाकं होती. त्या दोन ऑफिसांत जे काही हलत होतं ते तेवढंच.

त्यामुळे नाक्यावर दर महिन्याला तोच तमाशा. बाप्यांच्या रांगेतला जाड्या मास्तरीणबाईंकडे बघणार आणि म्हणणार, "तिकडे, तिकडे." चष्मेवाली कार्ड बघणार आणि म्हणणार, "इकडे कशाला? तिकडे." दोन-तीन फेऱ्या झाल्या की कुणीतरी पेनाच्या टोकाने हवेतच ढकलल्यासारखं करणार, "जा, जा, पुढे जा." मास्तरीणबाई मान खाली घालून पुढे जाणार. मागे रांगेत कुणीतरी खिदळणार. एरवी आमच्या या बाई नाकावर माशी बसू देत नाहीत, पण तिथे त्यांचं तोंड उघडायचं नाही. मला मात्र त्या जाड्याच्या डोक्यावर पाटा ठेवून मसाला वाटावा असं वाटायचं.

हे सगळं कशासाठी? तर आईसाठी. त्यांची आई नाक्यापलीकडच्या गावात धाकट्या मुलाकडे राहते. या धाकट्याचं घड्याळांचं दुकान आहे आणि त्याला त्याच्या इज्जतीची फार काळजी. मास्तरीणबाईंना त्याने निरोप धाडला होता, घरी यायचं तर शर्ट-पँट घालून, मागच्या दाराने. मीही एकदा म्हटलं होतं, "अहो, एक दिवस घाला ना शर्ट. काय बिघडतं?"

"आईने मला त्या कपड्यांत चाळीस वर्षं बघितलंय," त्या म्हणाल्या. "आता या कपड्यांत बघू दे. किती दिवस उरलेत तिचे?"



आईच्या पायाला जखम होती, भरत नव्हती. महिन्यातून एकदा धाकटा तिला तिकडच्याच हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरला दाखवायला आणायचा. त्या दिवशी आम्ही दोघी बस पकडून जायचो आणि डॉक्टरच्या दाराबाहेरच्या बाकावर आईशेजारी बसायचो. नंबर लागेपर्यंत पाऊण तास. हीच माय-लेकींची भेट. आई मास्तरीणबाईंच्या झग्याची कड बोटांत धरून चाचपायची आणि म्हणायची, "टीप बरी आहे. बाही जरा लांब झाली." धाकटा तीन बाकं सोडून पेपरमागे तोंड लपवून बसायचा. पाऊण तासात पान उलटायचा नाही. वाचता येत असेल तर शपथ!

आता माझ्या तोंडाविषयी. माझ्या तोंडाला झाकण नाही, हे आमच्या दुकानात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. एकदा आईला हसवावं म्हणून मी त्या बाकावर बसून नाक्याची नक्कल केली. जाड्या कसा तिकडे म्हणतो, चष्मेवाली कशी इकडे नाही म्हणते. "यांच्या पिशवीतून उद्या हत्ती नेला ना आई, तरी कुणी विचारणार नाही!" आई हसली. आणि तिकडे तीन बाकांपलीकडचा पेपर खाली आला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी नक्कल करण्यात गुंग.

पुढच्या महिन्यात धाकटे साहेब हातात चहाचे कप घेऊन आमच्या बाकाशी हजर. "ताई," तो म्हणाला, "साखर कमीच सांगितलीय तुझ्या चहात."

ताई! सहा वर्षं ज्याने या बाईकडे मान वळवून बघितलं नाही, त्याला ताई आठवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई बिचारी दोघांकडे आलटून पालटून बघत हसत होती. तिला वाटलं, पोरं एक झाली.

आईला नर्सने आत नेलं तेव्हा त्याने पोटातलं ओठांवर आणलं. नाक्याच्या अलीकडे, आम्हा दोघींच्या बाजूला, घड्याळं स्वस्त मिळतात, नाक्यावरून पलीकडे नेली तर जकात बसते. मास्तरीणबाईंना कुणी तपासत नाही. कपड्यांखाली पट्टा बांधायचा, त्यात घड्याळं. महिन्याला एक खेप. "आणि मग तू घरी ये ना, ताई. पुढच्या दाराने. याच कपड्यांत. आईच्या खोलीत हवं तितकं राहा. दोन दिवस, चार दिवस. मी कोण नाही म्हणणार?"

म्हणजे बघा! ज्या गोष्टीची याला लाज वाटत होती, तिच्यातच याला नफा दिसला. आणि मोबदल्यात काय देत होता, तर आई. जणू ती याच्या दुकानातलं घड्याळच, चावी याच्या खिशात.

मला वाटलं, मास्तरीणबाई आता चहा त्याच्या तोंडावर फेकतील. त्यांनी चहा संपवला, कप बाकाखाली ठेवला आणि म्हणाल्या, "माल पाठव. पट्टा मी शिवते."

आठवड्याने एक माणूस दुकानात येऊन कागदात गुंडाळलेली चोवीस घड्याळं देऊन गेला. मास्तरीणबाईंनी जाड कॅनव्हास घेतला, चोवीस खिशांचा पट्टा बेतला, कापला, शिवला. असली सफाई की सैन्याला पुरवावा. मग माझ्यासमोर टाकला. "याला काज कर."

"तुरुंगात जाल," मी म्हटलं. "आणि त्या मेल्यासाठी जाल."

"काज कर," त्या म्हणाल्या.

मी केले. शिव्या देत केले, पण सरळ केले.

भेटीच्या दिवशी बसमध्ये मी सारखी त्यांच्या कमरेकडे बघत होते. मास्तरीणबाई खिडकीबाहेर बघत शांत बसलेल्या. नाका आला. उतरलो. जाड्याने बघितलं, "तिकडे." चष्मेवालीने कार्ड बघितलं, "तिकडे." दोन फेऱ्या झाल्या. मग जाड्याने पेन हलवलं. "जा, जा."

मास्तरीणबाई हलल्या नाहीत. "तपासा," त्या म्हणाल्या.

अंगावर चोवीस घड्याळं आणि ही बाई म्हणते तपासा!

"सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता. "या रांगेतल्या सगळ्यांना तपासता. दुधाची बाटली तपासता. मला तपासा. तपासल्याशिवाय मी पलीकडे जाणार नाही."

रांग तुंबली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मागून एक जण ओरडला, "अहो, सोडा ना, उशीर होतोय!" दात कोरत मोठे साहेब बाहेर आले. त्यांनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "नियमात बसत नाही." काय बसत नाही ते त्यांनाही ठाऊक नसावं.

"ठीक आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मग तसं लिहून द्या. सहा वर्षं एक माणूस या नाक्यावरून दर महिन्याला न तपासता जातो. खाली सही करा. मी वर पाठवते."

साहेबांचं दात कोरणं थांबलं. नोकरीचा विषय निघाला की या लोकांची अक्कल बरोबर ठिकाणावर येते. त्यांनी चष्मेवालीला खूण केली. ती फणकारली, "मी नाही हात लावणार."

"अहो, मी दिवसाला वीस बायकांची मापं घेते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हात लावूनच. अजून कुणाला काही झालेलं नाही."

रांगेतली एक म्हातारी खुदकन हसली. चष्मेवालीने ओठ आवळले आणि पडदा बाजूला केला. मी पडद्याला कान लावून उभी. हात वर करा. वळा. पिशवी उघडा. "हे काय?" "पट्टा आहे." "रिकामा? एवढे खिसे कशाला?" "धाकट्या भावासाठी शिवलाय. त्याला हौस."

रिकामा! घड्याळं त्यांनी आदल्या दिवशीच त्या आणणाऱ्या माणसाला परत दिली होती आणि मला, एकोणीस वर्षं जुन्या मैत्रिणीला, एका शब्दाने सांगितलं नव्हतं. बाहेर आल्या तेव्हा ओढणी विस्कटलेली होती. "गुदगुल्या झाल्या गं," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. बसमध्ये मी त्यांना सणसणीत शिव्या दिल्या आणि त्यांचा हात हॉस्पिटल येईपर्यंत सोडला नाही.

धाकटा दारातच वाट बघत होता. त्यांनी पट्टा त्याच्या हातात ठेवला. "कंबर छत्तीस, पोट धरून अडतीस. तुझ्या मापाचा बेतलाय. स्वतः बांध आणि त्या रांगेतून जाऊन बघ कसं वाटतं."

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी मनसोक्त बघितलं. मग तो हळूच म्हणाला, "बरं. आजचा दिवस बसून घे तिच्याजवळ. यापुढे डॉक्टर घरी येईल."

आम्ही बाकावर बसलो. आई विचारत राहिली, काय झालं, चहा नाही का आणला त्याने? तिने बाही चाचपली आणि म्हणाली, "ही बरोबर झालीय." मग नर्सने नाव पुकारलं.

त्याला आता पाच महिने झाले. फोन धाकट्याकडे असतो, तो उचलत नाही. एकदा मी एकटीच जाऊन त्याच्या घराचं दार बडवलं, तोंडाला येईल ते बोलले, सगळी गल्ली गोळा केली. आतून त्याची बायको म्हणाली, "झोपल्यात त्या." दार उघडलं नाही. असल्या माणसांना शिव्या घालायच्या तरी किती? त्यांच्या कानाच्या पाळीलासुद्धा लागत नाहीत.

तरी दर महिन्याला त्याच दिवशी आम्ही बस पकडतो. त्या बाकावर पाऊण तास बसतो, परत येतो. "चुकून एखाद्या दिवशी आणलं त्याने तिला," मास्तरीणबाई म्हणतात, "तर तिथे कुणीतरी हवं ना?"

नाक्यावर आता इकडे-तिकडे होत नाही. चष्मेवाली सरळ पडदा बाजूला करते, इतर बायकांना चाचपते तसंच कंटाळून चाचपते. परवा मी माझी बटणं गोळा करत बाहेर उभी होते तर आत ती विचारत होती.

"दर महिन्याला कुठे जाता हो?"

"आईला भेटायला."

"कशी आहे तब्येत त्यांची?"

"बरी आहे. पाय सुधारतोय."

"मी विचारलं म्हणून सांगा हं."

"सांगते," मास्तरीणबाई म्हणाल्या.